तरुण कोण? गंजाडच्या भिंतीवरून एक प्रश्न

डहाणू तालुक्यातील गंजाड. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. ती किती वर्षांची, याला महत्त्व नव्हते. लग्न झालेले असणे पुरेसे होते. बालपण संपले की नाही, हे लग्न ठरवी.

पुरुषासाठी ही सीमारेषा फार महाग पडे. लग्नाचे कर्ज फेडण्यासाठी तो सावकाराच्या, जमीनदाराच्या घरी राबे, पुष्कळदा बायकोसह. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. तारुण्य सुरू होतानाच गहाण पडे. या वेठीविरुद्ध वारली उठले ते १९४५ मध्ये.

कायद्याने मात्र आकड्यांची भाषा धरली. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीचे किमान विवाहवय १४, मुलाचे १८. १९७८ मध्ये ते १८ आणि २१ झाले. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने १३ ते ३५ वर्षांच्यांना युवक मानले. २०१४ च्या धोरणाने १५ ते २९ वर्षांच्यांना. तिशी ओलांडलेले कित्येक जण एका कागदाने प्रौढ झाले!

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९३४ चे. सवासिनींची ही कला त्यांनी कागदावर आणली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, म्हणजे दोन्ही धोरणांच्या मापाने तारुण्य सरलेले. खरी कारकीर्द तेव्हा कुठे सुरू होत होती. पद्मश्री आली २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तरीच्या सुमारास.

त्यांच्या चित्रांत तारपेवाल्याभोवती माणसे फेर धरून नाचतात. दोन त्रिकोणांच्या त्या देहांत विशीतला कोण आणि साठीतला कोण, हे ओळखता येत नाही.