त्रेसष्ट टक्के

दिवाळी सरली की आमच्या पाथर्डी तालुक्यात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक ऊसतोडीचा, दुसरा लग्नांचा. पहिल्या हंगामाला आई आणि आण्णा बैलगाडी घेऊन कारखान्यावर जातात. मागे घरी आजी आणि मी. दुसऱ्या हंगामात मी कॉलेज सुटल्यावर एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकत असताना केलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट मी अकरावीत पाहिला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचे समजले आणि आपणही याच वाटेने जावे असे मनाने घेतले. माझी वाट सध्या वरातीपर्यंतच पोचली आहे, ही गोष्ट वेगळी.

या कामात सर्वांत अवघड काही असेल तर ते बसून राहणे. चित्रण जुळवून झाले की ते 'रेंडर' करावे लागते. म्हणजे कापलेले तुकडे, चढवलेली गाणी, बदललेले रंग एकत्र करून संगणक एकेक चित्र नव्याने घडवतो. सेकंदाला 25 चित्रे. तीन तासांच्या लग्नाची झाली 2,70,000. चित्रण फोर-के असेल तर एकेका चित्रात 82 लाखांवर ठिपके. आमचा संगणक 8 जीबी रॅमचा. रात्री दहाला काम लावावे तेव्हा कुठे पहाटे चारला संपते, तेही त्याची मर्जी असेल तर.

आण्णांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मशीन काम करतंय अन् तू नुसता बसतोस? मग मजुरी कशाची?" आई-आण्णांना टनावर पैसे मिळतात. त्यांचा प्रश्न मला लागला, पण उत्तर सुचले नाही.

गेल्या माघातली गोष्ट. एका लग्नाचे रेंडर 63 टक्क्यांवर आले की सॉफ्टवेअर आपोआप बंद पडू लागले. सूचना नाही, कारण नाही. पडद्यावर नुसते वॉलपेपर. पहिल्या रात्री मला वाटले, संगणक तापला. शेजारी पिठाची गिरणी आहे. झाकण उघडले तर पंख्यावर ज्वारीच्या पिठाचा थर! (आमच्या संगणकाला भाकरीची आवड असावी.) पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पीठ झाडल्यावर वेग खरोखर वाढला, पण दुसऱ्या रात्री पुन्हा 63. मग पाहिले तर सी ड्राइव्हवर जागाच नव्हती. जुन्या लग्नांच्या तात्पुरत्या फायली कधी कोणी काढल्याच नव्हत्या. त्या पुसल्या. तिसऱ्या रात्रीही 63.

त्या रात्री आण्णांचा फोन आला. ते काट्यावर गाडीच्या रांगेत उभे होते. मी वैतागून सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "रोज एकाच जागी अडतंय का?"

"हो."

"मग बैलाला मारून काय करतो? रस्ता बघ."

मी चमकलो. दोष उष्णतेचा असता तर संगणक एकदा चाळीसवर थांबला असता, एकदा ऐंशीवर. एकाच जागी थांबतो म्हणजे खोट त्या जागेच्या चित्रणात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेवढ्याच भागातली दहा मिनिटे वेगळी काढून रेंडरला लावली. ती अडली. मग त्यातली निम्मी, मग त्या निम्म्यातली निम्मी. शेवटी हाती आला चाळीस सेकंदांचा एक तुकडा. नवरीच्या कुणा चुलत भावाने मोबाइलवर घेतलेला.

मालक म्हणाले, "उडव तो. चाळीस सेकंदांनी काय लग्न मोडतंय? सकाळी दहाला पार्टी येणार आहे."

उडवणार होतो. उडवण्याआधी एकदा नीट पाहिला. पाठवणी चालू आहे. आमचे दोन्ही कॅमेरे नवरीवर. या पोराने मात्र मोबाइल दुसरीकडे वळवलेला. मंडपामागे, चुलवणापाशी नवरीचे वडील एकटे उभे आहेत, तोंडावर उपरणे धरून. तीन तासांच्या चित्रणात हा माणूस एरवी फक्त कन्यादानात दिसतो, तोही मान खाली घातलेला.

आमच्या ताईचे लग्न 2019 साली झाले. त्या व्हिडिओत आण्णा एकदाच दिसतात. पाठमोरे, खांद्यावर पाण्याची टाकी.

मी तुकडा काढला नाही. मोबाइल उजेड बघून सेकंदाला कधी तीस तर कधी पंचवीस चित्रे घेतो. आमचे सॉफ्टवेअर तिथेच गोंधळत होते. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्राममधून तो तुकडा सेकंदाला नेमक्या 25 चित्रांचा करून घेतला आणि जुन्याच्या जागी बसवला. या साऱ्या कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. आता मोबाइलचे सगळे चित्रण मी आधीच असे बदलून घेतो. फोर-केच्या हलक्या नकला करून त्यांवर काटछाट करतो. शेवटी मूळ चित्रण त्या जागी येते, आणि मधला संगणकाचा जीव वाचतो.

रात्री दहाला पुन्हा रेंडर लावले. मालक घरी गेले. साठ. एकसष्ट. बासष्ट. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा आकडा पासष्ट होता.

पहाटे चारला आण्णांचा फोन. त्यांची फडावर निघायची वेळ.

"गेली का गाडी?"

"गेली."

"काय अडलं होतं?"

मी त्या तुकड्यात काय होते ते सांगितले. पलीकडून बराच वेळ बैलांच्या घुंगरांचाच आवाज येत राहिला.

"मुकादम हाक मारतोय," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.