बाहेर गेलेली कॅसेट

डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद होतेय, हे मला आईने फोनवर सांगितलं. तेही गॅसचा नंबर लावला आणि समोरच्यांच्या सुनेला मुलगी झाली, या दोन बातम्यांच्या मधोमध. खरं तर गेली काही वर्षं ते दुकान झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जवरच तग धरून होतं. कॅसेटी मागच्या फळ्यांवर होत्या, म्हातारी माणसं घरात असतात तशा.

तरी रविवारी गेलो.

लहानपणी त्या काउंटरवर मी सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "ती बाहेर गेलीय." काका हे वहीतून मान वर न करता म्हणायचे. जणू कॅसेट भाजी आणायला गेलीय, येईलच इतक्यात. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. आमच्यापर्यंत कॅसेट आल्यावर कित्येक महिने ती बाहेरच होती. रिकाम्या हाताने परत जायचं नाही, म्हणून काका देतील ते घ्यायचं. अशाच एका रविवारी लक्ष्या-अशोक सराफांच्या ऐवजी 'सामना' घरी आला. डॉ. लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव यांच्यात नेमकं काय चाललंय, ते दहाव्या वर्षी मला ओ का ठो कळलं नाही. पण तो पाटील दोन रात्री स्वप्नात आला. आपणहून मी तो सिनेमा कधीच मागितला नसता. माझं निम्मं सिनेमाचं शिक्षण असं, दुसऱ्या कुणीतरी आधी नेलेल्या कॅसेटींमुळे झालंय. आज फोनवर हवा तो सिनेमा हव्या त्या क्षणी मिळतो, आणि मी अर्धा तास यादी खालीवर करून झोपी जातो.

व्हीसीआरही तिथूनच भाड्याने यायचा, चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा. एका रात्रीचं भाडं, म्हणून तीन सिनेमे. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, कुणीतरी व्हीसीआरला चापटी मारायचं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर टेप असते. व्हीसीआरने ती चघळली की वाटायचं, सगळीच आता बाहेर येणार. मग काका कॅसेटच्या पाठीचे पाच स्क्रू काढून, तुटका भाग कापून, दोन टोकं चिकटवून द्यायचे. नायिका खोलीत शिरायची आणि एकदम विहिरीवर दिसायची. पावसाळ्यात टेपेवर पांढरी बुरशी धरायची. सगळ्या प्रिंटा कायदेशीर होत्या, असंही काही नाही. उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको त्या दुकानाला.

पण एक कॅसेट होती. 'शहेनशाह'ची. कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडलेली असते. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला की झालं. कुणा गिऱ्हाईकाने तेच केलं होतं. भर मारामारीत पडदा थरथरायचा आणि समोर एक बारसं. फुलांनी सजवलेला पाळणा, वाटीतल्या घुगऱ्या, हातातला नारळ सावरणाऱ्या बायका. आत्या बाळाच्या कानाशी वाकायची, तिचे ओठ हलायला लागायचे, आणि धाडकन अमिताभ परत. ते बाळ कुणाचं, ते काकांनी कधी सांगितलं नाही. नाव काय ठेवलं, यावर मात्र आमच्या चाळीत पैजा लागत. माझी आजी तेवढ्यासाठी ती कॅसेट मागवायची. मारामारीशी तिला कर्तव्य नव्हतं.

पुढे सीडी आल्या. २००७च्या सुमारास मोझर बेअरने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी विकायला काढली, तेव्हा काका हसून म्हणाले होते, "आता भाड्याने कोण राहील रे?" २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तो बनवणारी बहुधा तीच शेवटची होती. आता कॅसेट घरी नेली तरी लावणार कशात?

रविवारी भंगारवाला दारातच उभा होता. नुसतं प्लॅस्टिक नेईन, टेप काढून द्या, म्हणत होता. काका एका मोडक्या स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "काय हवं ते ने. पैसे नकोत."

मी फळीवर शोधलं, खोक्यांत शोधलं. शेवटी विचारलं, "काका, 'शहेनशाह' कुठेय? ती बारशाची?"

त्यांनी वही उघडली नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले,

"ती बाहेर गेलीय."