कोमट काच

हैदराबादेत, दिलसुखनगरला मावशीच्या घरी बटण दाबल्याबरोबर उजेड यायचा नाही. आधी चोक गुणगुणायचा, मग नळीच्या काळवंडलेल्या टोकांशी जांभळट काहीतरी थरथरायचं, विझायचं, पुन्हा थरथरायचं, आणि खालून विजयवाड्याच्या बसचे हॉर्न, गाड्यावरच्या पेरूंचा वास, साईबाबांच्या देवळातली आरती असं सगळं जिना चढून वर येईस्तोवर आम्ही पोरं त्या अर्ध्याकच्च्या अंधारात तोंडं वर करून बसलेलो असायचो. "अगं, स्टार्टर फिरव जरा," मावशी कणीक मळता मळता म्हणायची. मी स्टुलावर चढायचे. चिमटीत ती इवली डबी, पाव वळसा.

लख्ख!

त्या नळीत प्लाझ्मा होता, हे फार उशिरा कळलं. विरळ आर्गॉन, चिमूटभर पाऱ्याची वाफ, आणि अणूंचा हात सोडून उधळलेले इलेक्ट्रॉन. या अवस्थेला प्लाझ्मा हे नाव लँगम्यूरनं १९२८ साली दिलं. सूर्य तर त्याआधीपासून तिच्यातच नांदतोय. नळीतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात, पण अणू त्यांच्या नादी न लागता जवळजवळ थंडच, म्हणून काच नुसती कोमट. नुकती मालवलेली ती नळी दिवाळीआधी फडक्यानं पुसताना हा कोमटपणा मी हाताळलाय.

विजयवाड्याच्याही पुढे, गुंटूरला, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसानं सूर्याच्या कडेवरच्या जास्वंदी ज्वाळा वर्णपटात न्याहाळल्या. भरदिवसा अंधार, आणि कडेशी तेवढी थरथर. मला उगाच मावशीची खोली आठवते.

आता गांधीनगरला 'आदित्य' यंत्रात १९८९ पासून प्लाझ्मा चुंबकांच्या कुंपणात कोंडून बघताहेत. फ्रान्समध्ये ईटर नावाचं तसलंच यंत्र उभं राहतंय, त्यात भारतही भागीदार आहे. हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून वीज मिळावी म्हणून तिथे पंधरा कोटी अंश हवेत, आणि तसलं काही भिंतीला शिवू द्यायचं नाही, हीच सारी कसरत. आमच्याकडे ते छताखाली दोन क्लिपांवर निमूट पडून असायचं.

परवा दिलसुखनगरला गेले होते. मेट्रोच्या खांबांखाली दुकानांच्या पाट्या निऑनच्या थाटात झगमगत होत्या, पण सगळ्या एलईडीच्या. मावशीकडेही तसलीच पांढरी पट्टी. तिच्यात ना वायू, ना गुणगुण.

मी बटण दाबलं. उजेड केव्हाच आला होता, तरी मावशी वरच बघत होती.