धारावी बेटावर सायकलने

भाईंदरला डोंगर आहे असे सांगितले, की ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो आणि मग हसतो. रोज लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्याला भाईंदर म्हणजे गर्दी आणि वसईच्या खाडीवरचा लांबलचक पूल. पण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून, खाडी उजव्या हाताला ठेवीत निघावे. आठ-नऊ किलोमीटरांत उत्तनचा समुद्र गाठतो आणि वाटेत डोंगरही लागतो. सह्याद्री पालथा घातलेल्या मंडळींनी त्याला डोंगर म्हणू नये. सायकलवर बसलेल्याने मात्र जरूर म्हणावे.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही चौघे निघालो. निवृत्त झालेले मास्तर, आमच्याच इमारतीतले बँकवाले, त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या आणि मी. पुतण्याच्या सायकलला एकवीस गिअर, पण घंटी नाही. मास्तरांच्या सायकलला गिअर एकही नाही; मात्र मडगार्ड, घंटी, कॅरिअर, चेनकव्हर अशी सारी सौभाग्यलेणी जागच्या जागी.

वस्ती संपली आणि मिठागरे लागली. उन्हाळ्यात इथे मिठाच्या पांढऱ्या राशी असतात. श्रावणात नुसते पाणी, मध्ये बांधांच्या रेघा आणि कडेला तिवरांची हिरवी गर्दी. मग मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावे एकापाठोपाठ एक. ‘शाळेत बेट म्हणजे काय ते शिकवलं, पण बेटावर कधी नेलं नाही कुणी,’ मास्तर म्हणाले. पूर्वी या साऱ्या भूभागाला धारावी बेट म्हणत. मुंबईतली धारावी निराळी. नावावरून घोटाळा पुष्कळांचा होतो.

डोंगरीला बेथलेहेम मातेचे १६१३ सालचे चर्च आहे. इथल्या ख्रिस्ती घरांतून चारशे वर्षे मराठीच बोलली जाते, हे मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आम्हां लोकांच्या गावीही नसते. पुढे तारोडीला धारावी देवीचे देऊळ. डांबरी रस्ता सोडून पायवाटेने जायची हौस पुतण्याला आली आणि आम्ही तिला भुललो.

चिखल असा, की चाकाला धरला तो सोडीना. मास्तरांच्या मडगार्डमध्ये तो इतका गच्च बसला, की पुढचे चाक फिरायचेच थांबले. पुतण्याची चेन निसटली. एकवीस गिअर असून नसून सारखे. शेवटी काडीने चिखल उकरायचा, दहा पावले ढकलायचे, पुन्हा उकरायचा. डोक्यावर पाटी घेऊन एक म्हातारी वरून उतरत होती. लालभडक लुगडे, पायांत काही नाही, आणि चाल अशी की जणू घरच्या ओसरीवर चालली आहे. ती थांबली, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘सायकल तुम्हाला न्यायला आणली, का तुम्ही सायकलीला फिरवायला आणलं, बाबा?’

मास्तरांनी तिला मनापासून नमस्कार केला.

चढावर दम खायला बसलो, तिथे भांडण झाले. मेट्रोच्या नऊ क्रमांकाच्या मार्गाची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्याच्या बाजूला व्हायची होती. गावांनी विरोध केला, घरे-शेते वाचली आणि कारशेड डोंगरीच्या डोंगराकडे सरकली. २०२५ साली बारा हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला, तो त्यामुळे. पुतण्या तावातावाने बोलू लागला. बँकवाल्यांनी त्याचे सगळे ऐकून घेतले.

‘सकाळच्या लोकलमध्ये मी तेवीस वर्षं एका पायावर उभा राहिलो,’ ते म्हणाले. ‘मेट्रो मला हवी आहे. तुझ्या काकूलाही हवी आहे. गाडी हवी म्हटलं, की ती रात्री कुठंतरी उभी करावी लागणारच.’

‘मग इथंच का?’

यावर ते काही बोलले नाहीत. चिखलात चालत, दोन्ही बाजूंची झाडे पाहत राहिले. मला विचाराल तर दोघांचेही खरे वाटत होते, आणि त्याने फार अस्वस्थ व्हायला झाले.

चौकला पोचलो. इथून खाडीचे तोंड आणि पलीकडची वसई समोर दिसते, आणि इतिहास सांगायला मास्तर लागत नाहीत. अर्थात त्यांनी तो सांगितलाच. वसईला चिमाजी आप्पांचा वेढा पडला असताना, मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली. इथे ज्याच्या तोफा, त्याच्या हाती खाडीची किल्ली. वसईला समुद्राकडून येणारी मदत त्याच्या माऱ्याखाली. मे महिन्यात वसई पडली. किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत. पुतण्या मात्र बराच वेळ गप्प राहून पाण्याकडे पाहत होता.

उतार पालीवरून उत्तनला जातो. उतारावर मास्तर एकवीस गिअरांच्याही पुढे! त्यांची घंटी ऐकून कोंबड्या बाजूला होत होत्या. बोंबील वाळवायच्या वलांडी पावसामुळे रिकाम्या होत्या. पण जून-जुलैची मासेमारीबंदी संपलेली, त्यामुळे भाटे बंदरावर गडबड होती. होड्या लागत होत्या, बर्फ फुटत होता, भाव चालले होते. एका नळावर आम्ही सायकली धुतल्या. तांबूस पाणी बंदराच्या उतारावरून वाहत गेले.

बँकवाल्यांनी पापलेटचा भाव विचारला, दचकले आणि बोंबील घेतले. पिशवी मास्तरांच्या कॅरिअरला बांधली, कारण कॅरिअर फक्त त्यांच्याच सायकलला होते. पुतण्या म्हणाला, ‘काका, परतताना पुन्हा पायवाटेनंच जाऊ. ती झाडं नीट बघायची राहिली.’

बँकवाले आधीच पायडलवर पाय ठेवून उभे होते.