सुटी नेमकी कुणाची?

आमच्याकडे बायकांचा प्रवास म्हणजे लग्न, मय्यत नाहीतर उरूस. नुसतं पाहायला म्हणून घराबाहेर पडायचं, हे अम्मीने साठी उलटेपर्यंत केलंच नव्हतं. नातेवाइकांकडे गेली तरी दुसऱ्या दिवशी ती तिथल्या स्वयंपाकघरात.

म्हणून वेरूळ-खुलताबादचा बेत आखताना आधी तिलाच विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "दोन दिवस पोळपाट दिसायला नको."

बेत तिथेच ठरला. डबे नाहीत, नातेवाइकांकडे मुक्काम नाही. मंगळवार टाळला, कारण त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. तिचे गुडघे दुखतात, म्हणून चौतीसही लेणी पाहायची हौस सोडली. सोळावं, कैलास, मात्र निवांत पाहिलं. अख्खा खडक वरून खाली कोरत आणलाय, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कळस आधी, पाया नंतर? हात चुकला असता तर?" इतकी वर्षं असे प्रश्न विचारायला तिला सवड कुठे होती!

तिथून जवळच खुलताबाद. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यावर जाऊन आलो आणि रात्री खाणावळीत जेवलो. अम्मीने पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, गरम गरम खाल्लं.

सहलीत बाई चूलच सांभाळणार असेल, तर तो फक्त जागाबदल. तेव्हा बेत आखताना घरात जी वाढते, तिला आधी विचारा. परतल्यावर अम्मीने हे सगळं फुफीला रंगवून सांगितलं. फुफीने एवढंच विचारलं, "मंगळवार सोडून कधी जायचं?"