पुरावा लग्नाच्या अल्बमात

अण्णांच्या अर्जाला आधार होतं, रेशनकार्ड होतं, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला होता, पासबुकाची झेरॉक्स होती. नव्हता तो एकच कागद: अण्णा गोंधळी आहेत याचा. जातीचा दाखला तसं सांगत होता, पण तो जातीपुरता. कलेत किमान पंधरा वर्षं घालवल्याचा पुरावा वेगळा लागतो. वर्तमानपत्रांतली कात्रणं, आकाशवाणीची पत्रं, संस्थांची प्रशस्तिपत्रकं.

“बाई, मिसरूड फुटायच्या आधीपासून संबळ वाजवूलालो,” अण्णा म्हणाले. “कात्रण कुठलं आणू?”

शाळेतली बाई म्हणून धर्मापुरीत अर्ज माझ्याकडे येतात. कुणाच्या विहिरीचा, कुणाच्या निराधारचा. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा अर्ज मात्र त्याआधी कधी आला नव्हता. योजना तशी जुनी. १९५४-५५ साली मुंबई राज्यात ती सुरू झाली तेव्हा आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढे राज्य बदललं, योजनाही बदलत गेली. अलीकडेपर्यंत तिच्यात तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला महिना ३,१५० रुपये, राज्य पातळीवरच्याला २,७०० आणि स्थानिकाला २,२५०. देवीसमोर दिवटी घेऊन उभा राहणारा माणूस राष्ट्रीय की स्थानिक, हे ठरवायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले. हे चांगलंच झालं.

पुराव्यासाठी शेवटी आम्ही लग्नाचे अल्बम धुंडाळले. आमच्याकडे लग्न उरकलं की पुष्कळ घरांत गोंधळ घालतात, म्हणजे अण्णा कुठल्या ना कुठल्या फोटोत असणारच. मी घरोघर फिरले. बायकांनी ट्रंकेतून अल्बम काढले, चहा केला, आणि प्रत्येक घरी निम्मा वेळ नवरीचा शालू बघण्यातच गेला. अण्णा होते, पण कडेला. फोटोग्राफरचं लक्ष नवरा-नवरीवर. एका फोटोत अण्णांचा नुसता हात आणि संबळ, एकात दिवटीच्या उजेडानं तोंडच उडालेलं. कवड्यांच्या माळा आणि झांज लख्ख दिसतात, माणूस दिसत नाही. एका आजींनी मात्र नातवाकडून जुन्या कॅसेटवरचं लग्न मोबाइलवर उतरवून दिलं. त्यात अण्णा चांगले ताठ उभे राहून आख्यान लावताना दिसले. त्याला ग्रामपंचायतीचा दाखला जोडला आणि अर्ज मार्गी लागला.

गावातलं केदारेश्वराचं देऊळ चालुक्यकाळातलं. बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी बघायला लांबून माणसं येतात. त्या काळच्या शिलालेखांत देवाच्या अंगभोगासाठी, रंगभोगासाठी जमिनी दिल्याच्या नोंदी असतात. रंगभोग म्हणजे देवापुढचं नाचगाणं. राजा जमीन द्यायचा आणि वाजवणाऱ्याचं घर त्या जमिनीवर चालायचं. नंतर गावगाड्यात गोंधळ्याला अलुतेदार म्हणून खळ्यावरचा वाटा मिळे. ती व्यवस्था जातीत जखडलेली होती, ती परत यावी असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वाटा मागताना कात्रण दाखवावं लागत नव्हतं, एवढं खरं.

अण्णांचं ऐकून दुसरे दोघे आले. म्हणजे एक आले आणि एकीकडे मीच गेले.

आले ते मांगवाड्यातले हलगीवाले भाऊ. त्यांची हलगी लागली की पोळ्याच्या मिरवणुकीत बैलाचेसुद्धा पाय बदलतात. त्यांचा एकही फोटो मिळाला नाही. गोंधळी निदान घरात येतो, देवीसमोर उभा राहतो. हलगी वरातीच्या पुढं असते, रस्त्यावर, आणि अंत्ययात्रेत तर तिचा फोटो कोण काढणार? दाखला मागायला गेलो तर एका शिकलेल्या माणसानं विचारलं, “हलगी ही कला आहे का?” त्यानं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. ज्या समाजाकडून वाजवून घ्यायची गावाला सवय, त्याचं वाजवणं कामात धरलं जातं. भाऊंचा अर्ज पुरावा अपुरा म्हणून परत आला.

मी गेले ती आराधीण मावशींकडे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि गळा असा की नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर माणसं थबकावीत. त्यांनी अर्जाकडे बघितलंही नाही. “म्या कलाकार न्हाई बाई. मी आईचं करते. त्याचे पैसे सरकारकडून कामून घेऊ?” मी खूप समजावलं. आजही मला वाटतं की त्यांनी ते पैसे घ्यायला हवे होते. गुडघ्याच्या गोळ्या आई भवानी आणून देत नाही. पण त्यांच्या बोलण्यावर मला उत्तर सुचलं नाही.

अण्णांना मानधन सुरू झालं. एका जिल्ह्यातून वर्षाला शंभर जणांची निवड होते, त्यात त्यांचा नंबर लागला. पैसे थेट खात्यात येतात. त्यातून औषधं, किराणा, नातीच्या वह्या. संबळ? तो खुंटीला आहे. मुलगा पुण्यात टेम्पो चालवतो. पोराला शिकवायला त्यांच्याकडे आता वेळ आहे आणि पैसाही थोडा आहे, नाही ते पोर. योजनेचं वय पन्नासच्या पुढं. ज्या पंचविशीत माणूस कला धरतो किंवा सोडतो, तेव्हा सरकार कुठं नसतं. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरच्या दरबारात ठेवलं ते गाणं भरात असताना, थकल्यावर नव्हे. जपानमध्ये १९५० च्या कायद्यानं परंपरागत कला जपणारे उस्ताद निवडले जातात आणि प्रत्येकाला वर्षाला वीस लाख येन मिळतात, ते कला सांभाळायला आणि शिष्य तयार करायला. आपल्याकडे उरलेलं आयुष्य नीट जावं म्हणून देतात. दोन्ही हवं, पण पहिलं नसेल तर दुसऱ्याला पुढं माणसंच मिळणार नाहीत.

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णांना वर्गात बोलवायचं ठरवलं. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च कुठल्या खात्यातून करावा, ते विचारायला गेले तर तशी तरतूद नाही असं कळलं. सध्या तो शिक्षकांच्या चहाच्या वर्गणीतून भागतो. सहा-सात पोरं बसतात, त्यात दोन मुली. त्यांपैकी एकीचा हात संबळावर चांगला बसतोय आणि अण्णांना ते कबूल करायला जड जातंय.

हलगीवाल्या भाऊंचा अर्ज पुन्हा भरायचा आहे. या खेपेला पोळ्याचं वाजवणं मी मोबाइलवर पूर्ण घेऊन ठेवलंय आणि मिरवणुकीतल्या बैलवाल्यांच्या सह्याही घेतल्यात. भाऊंचीच सही तेवढी राहिली आहे. दसरा झाला आणि ते जोडीनं ऊसतोडीला गेले. आता कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परत येतील.