सिदेमनची दैनंदिनी : देखावा कुणाच्या नावावर?

सोमवार

सकाळी आठच्या ठोक्याला दलाल स्कूटरवर हजर. पुण्याच्या मावसभावाला बालीत 'काहीतरी घेऊन ठेवायचं' आहे, आणि मी इथे मुक्कामाला आहेच म्हटल्यावर बघायचं काम माझ्याकडे आलं.

सिदेमन बालीच्या पूर्वेला, कारांगासेम जिल्ह्यात. विमानतळापासून गाडीने दोन तास. समुद्र नाही, रात्रीचा धांगडधिंगा नाही. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भात, मधूनमधून मिरची आणि पूजेसाठी लावलेला झेंडू, आणि ढग नसतील तर समोर आगुंग ज्वालामुखी. जमिनीचा भाव या आगुंगवर ठरतो. तो दिसत असेल तर एक दर, नारळाच्या झावळ्यांआड जात असेल तर दुसरा.

इथे जमीन 'आर'मध्ये मोजतात. सातबाऱ्यावरचा आपला आर तोच, शंभर चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याला जरासा कमी. माप ओळखीचं निघालं, पण व्यवहार अगदी निराळा. दर सांगतात तो एका आरचा एका वर्षाचा, आणि पंचवीस वर्षांचं भाडं एकरकमी आगाऊ मोजायचं. मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही, तर जमीन मालकाकडे परत जाते आणि तिच्यावर बांधलेलं घरही बहुधा तिच्याच मागोमाग.

रात्री भावाचा फोन. "ताई, भाडं कशाला? विकतच घेऊ ना सरळ."

घेता येत नाही. १९६० च्या मूलभूत भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. मग लोक स्थानिक माणसाच्या नावावर जमीन करतात आणि बाजूला खाजगी करारनामा लिहून घेतात. त्याच कायद्याचं २६ वं कलम असा आडवळणाचा व्यवहार रद्दबातल ठरवतं, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. भाऊ म्हणाला, "हे जरा अतीच आहे." महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे तो सोयीस्करपणे विसरला होता. त्याची स्वतःची मुळशीतली जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. मी विषय वाढवला नाही.

मंगळवार

आज जमीन सोडून पाणी बघितलं. खरं तर आधी तेच बघायला हवं.

मी राहते त्या घराचे मालक शेतकरी. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना 'पाक' म्हणते आणि त्यांच्या बायकोला 'इबू'. पाकच्या मागून बांधावरून चालत पाटाच्या मुखाशी गेले. तिथे पाण्यात आडवं घातलेलं लाकूड, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याची जमीन जितकी, त्याच्या वाट्याला खाच तितकी रुंद. शेजारी दगडाचं छोटं देऊळ, त्यावर सकाळचीच फुलं.

ही व्यवस्था म्हणजे सुबक. एका पाटावरचे सगळे शेतकरी तिचे सभासद. 'पेकासेह' हा त्यांनीच निवडलेला प्रमुख. लावणी कधी, जमीन पडीक कधी ठेवायची, पाणी आधी कुणाला, हे सगळे मिळून ठरवतात. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. तिथेही बंधारा सामाईक, फडात पीक एकच आणि पाणी द्यायला पाटकरी. ती बरीचशी मोडली. सुबक टिकली, कारण इथे पाण्याच्या वेळापत्रकाला देवळाचा आधार आहे. चुकारपणा केला तर गावाबरोबर देवही नाराज होतो.

१९७० च्या दशकात तीही मोडता मोडता राहिली. सरकारने नवी वाणं दिली आणि ज्याला जमेल तसं, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा भात लावा, असं सांगितलं. सगळ्यांनी एकदम शेत पडीक ठेवलं की किडीला खायला काही उरत नाही, हे त्या योजनेत कुणाच्या ध्यानात नव्हतं. तुडतुडे माजले, पिकं गेली. पुढे स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर मांडणी करून दाखवलं, की देवळांचं जुनं वेळापत्रकच जास्त पीक देतं. युनेस्कोने २०१२ मध्ये सुबकला जागतिक वारसा म्हटलं. त्या यादीत सिदेमन नाही. पाकला त्याचं काही वाटत नाही.

परतताना दलालाने दाखवलेली जागा वरून दिसली. सुरेख आहेच. पण भाऊ पैसे मोजणार तो देखावा त्या तुकड्यात नाहीच मुळी. तो खालच्या अकरा-बारा शेतकऱ्यांच्या खाचरांत आहे. त्यांच्यापैकी दोघांनी उद्या आपापली जमीन अशीच भाड्याने दिली, तर भावाच्या व्हरांड्यातून दुसऱ्याचा पोहण्याचा तलाव दिसेल. भाडेपट्ट्यात आगुंगचा, भाताचा किंवा पाटाच्या आवाजाचा उल्लेख कुठेच नसतो.

बुधवार

दिवसभर पाऊस. वीज दोनदा गेली. इबूने केळफुलाची भाजी केली होती. बाकी काही नाही.

गुरुवार

स्कूटरने क्लुंगकुंगला. रस्ता वळणावळणाचा, वाळूचे ट्रक अंगावर येतात. आगुंगच्या उतारावरची काळी वाळू बालीभर बांधकामाला जाते. म्हणजे सगळीकडचे व्हिला याच डोंगराच्या राखेतून उभे राहतात.

क्लुंगकुंगमध्ये 'केर्ता गोसा' हा जुना न्यायमंडप आहे. छताला कामासान शैलीची चित्रं, भीम पंडू आणि माद्री यांच्या आत्म्यांना सोडवायला नरकात उतरतो ती कथा. तंटा घेऊन आलेल्याने मान वर केली की पाप्यांना कढईत उकळताना दिसायचं. तहसील कचेरीच्या छतावर असं काही रंगवलं तर फेरफाराचे दावे निम्म्यावर येतील, असं मला उगाच वाटून गेलं. त्याच चौकात १९०८ चं स्मारक. डच फौजेसमोर इथला राजा आणि त्याचं घराणं शरण न जाता मरणाला सामोरं गेलं.

येताना विणकराच्या घरी थांबले. सिदेमन सोंगकेटसाठी प्रसिद्ध, जरीच्या धाग्याचं भारी कापड. बाई जमिनीवर पाय पसरून बसलेली, माग कमरेला बांधलेला. एक सोंगकेट पुरं व्हायला महिने लागतात. पैठणी विणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शुक्रवार

पाकशी गुंतवणुकीचं बोलले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हताच. "तुमचा भाऊ बंजारच्या कामाला येईल का?"

बंजार म्हणजे वस्तीची सभा. लग्न, दहन, देवळाचा उत्सव, सगळ्यात तिचे सभासद राबतात. बाहेरच्याला तसं बंधन नसतं, बहुतेक वर्गणीवर भागतं. पण रस्ता अडला, पाणी तुंबलं, तर कचेरीच्या आधी बंजारकडेच जावं लागतं. न्येपीच्या दिवशी तर सुटका कुणालाच नाही. तो शक वर्षाचा पहिला दिवस, आपल्या पाडव्याच्या आसपासच येतो. आपण गुढी उभारतो, ते दिवे मालवतात. आग नाही, काम नाही, प्रवास नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद.

रात्री भावाला सगळं सांगितलं. पाहुणे ठेवून कमवायचं तर परकीय गुंतवणुकीची कंपनी काढावी लागते, आणि तिच्यासाठी जमीन-इमारत सोडून दहा अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे पाच कोटींच्या वर. शिवाय ती जागा भातशेतीच्या राखीव पट्ट्यात नाही ना, हे आधी तपासायचं. २०२५ च्या जुलैमध्ये बालीतल्याच बिंगिनच्या किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामं सरकारने पाडलीच.

"आणि तो ज्वालामुखी?"

१९६३ मध्ये हजारावर माणसं गेली. २०१७ मध्ये लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. पाकचं घरही तेव्हा रिकामं होतं.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, आधी वर्षभर घर भाड्याने घेऊन राहून बघतो, बायकोला विचारून. मी दलालाला तसं कळवलं. त्याने मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला उद्या सकाळी तीच जागा दाखवायची आहे म्हणाला, फक्त ढग नसले म्हणजे झालं.